हिवाळी शिबिरात मुलांना ‘थंडी वाजते का?’ असं विचारू नका

गेले तीन हिवाळे मी मुलाच्या शाळेच्या स्काऊट-गाईड पथकासोबत शिबिराला जाते आहे. जागा तिन्ही वेळा एकच. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कास मागे टाकून बामणोलीच्या अंगाला उतरताना, शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, वरच्या बाजूला एका ओळखीच्या आबांचं वावर आहे. डिसेंबरपर्यंत भात निघालेला असतो, खाचरं वाळलेली असतात, बांधावर दोन मोठे आंबे आहेत. दहा ते पंधरा वयाची पस्तीसेक मुलं-मुली, दोन रात्री, तीन दिवस.

पहिल्या वर्षी निघताना मी मुलाला बजावलं होतं, “तिथं मी तुझी आई नाही, सगळ्यांची काकू आहे. सारखं माझ्या मागं मागं करायचं नाही.” दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला चहाचं आधण ठेवायला उठले, तर हा चुलीच्या राखेपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. संध्याकाळी ओढ्यात भिजलेले मोजे तसेच पायात. दिवसभर घातलेली जीन्स तशीच अंगावर. मी दिलेली जाड चादर त्यानं घडी करून उशाला घेतली होती आणि पांघरायला फक्त एक रग. कधीपासून बसला होता, तेही त्याला धड सांगता येईना. “मला का नाही उठवलंस?” म्हटलं, तर म्हणाला, “तू सगळ्यांची काकू होतीस ना.”

त्या पहाटे आमच्या थर्मामीटरवर ९ अंश होते. कोरड्या, पोटभर जेवलेल्या, नीट पांघरलेल्या मुलाला ९ अंशांत गाढ झोप लागते. पुढची दोन वर्षं ती लागलेली मी पाहिली आहे. त्याला त्या रात्री छळलं ते ओल्या मोज्यांनी, पाठीखालच्या जमिनीनं आणि माझ्या त्या वाक्यानं. त्यानंतर आम्ही काय काय बदललं, ते क्रमानं लिहिते.

परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी

पथकाच्या सरांना किंवा मॅडमना प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगल्या पथकाला प्रश्नांचा राग येत नाही.

जागा कोणाची आहे, हा पहिला प्रश्न. खासगी शेत असेल तर मालकाची परवानगी आणि गावच्या पोलीस पाटलांना कल्पना, एवढं हवंच. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला शेताची हद्द संपून जंगलाची कुठे सुरू होते, ते नवख्याला कळत नाही. कास पठार पश्चिम घाटाच्या त्या भागांपैकी आहे ज्यांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पठारावर तंबू ठोकायचा विचारही करू नये. शिवसागराच्या पलीकडचं कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वासोटा किल्ला त्याच हद्दीत येतो. तिथं वनविभागाच्या परवानगीनं दिवसा जाऊन यायचं, मुलांना मुक्कामाला न्यायचं नाही. सांगलीकडच्या मंडळींनी चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि सागरेश्वर अभयारण्याच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावं: शिबिर बाहेर, फेरफटका परवानगीनं.

दुसरा प्रश्न, रात्री कोण असणार. माझ्या मते आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवं आणि मुली असतील तर रात्रभर मुक्कामाला बायका हव्यातच. एका मोठ्या माणसानं एका मुलासोबत एकट्यानं तंबूत थांबायचं नाही, हा नियम पथकात आहे का, तेही विचारा. तो सगळ्यांच्याच भल्याचा आहे.

तिसरा, दवाखाना. जवळचं आरोग्य केंद्र कुठे, रात्री तिथं कोणी असतं का, घाटानं साताऱ्याच्या सिव्हिलला पोचायला किती वेळ लागतो, मोबाईलला रेंज नेमकी कुठे येते. शिवसागराच्या कडेला रेंज एखाद्या बांधावर असते आणि दहा पावलांवर नसते. दुसऱ्या वर्षापासून आम्ही ती जागा पहिल्याच दिवशी शोधून चुन्यानं खूण करून ठेवतो. एक गाडी रात्रभर तोंड रस्त्याकडे करून उभी असते आणि तिची किल्ली कुठे टांगली आहे ते सगळ्या मोठ्यांना माहीत असतं.

दमा, फिट, ॲलर्जी, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, यातलं काहीही लपवू नका. शेवटची गोष्ट तर बहुतेक आई-वडील लपवतातच. पथकातल्या एकाच विश्वासाच्या माणसाला ती हळूच सांगून ठेवा. थंडीत रात्री लघवीला उठायचं मुलांच्या जिवावर येतं, त्यामुळे एरवी कोरडं राहणारं मूलही शिबिरात ओलं होऊ शकतं. आधी माहीत असलं की झोपताना एकदा आणि मध्यरात्री एकदा त्याला उठवता येतं आणि बाकी कुणाला पत्ताही लागत नाही.

गच्चीवरची एक रात्र

ही पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते आणि हिला पैसे लागत नाहीत. शिबिराच्या पंधरा दिवस आधी, शनिवारी रात्री, मूल शिबिराला जे अंथरूण-पांघरूण नेणार आहे तेच घेऊन त्याला गच्चीवर किंवा अंगणात झोपवा. तुम्हीही शेजारी झोपा. घरातून ऐन वेळी उशी आणायची नाही, दुसरी चादर आणायची नाही.

त्या एका रात्रीत सगळं कळतं. स्लीपिंग बॅगची चेन आतून लागत नाही. कानटोपी झोपेत निघून जाते. बॅटरी कुठे ठेवली ते अंधारात सापडत नाही. आमचा मुलगा पहाटे चारला उठून म्हणाला, “आई, वरून नाही, खालून गार लागतंय.” पहिल्या शिबिरात कोणी सांगून त्याला हे कळलं नसतं.

सकाळी त्याला यादी करायला लावा: काय कमी पडलं, काय उगीच नेलं. पिशवीही त्यानंच भरायची, तुम्ही फक्त समोर बसायचं. आईनं भरलेल्या पिशवीत मोजे कुठे आहेत हे फक्त आईला माहीत असतं, आणि रात्री अकराला तंबूत आई नसते.

आधी पाठीखालचं, मग अंगावरचं

पांघरूण कितीही जाड घ्या, अंगाखाली गेलेला त्याचा भाग वजनानं दबतो. दबला की त्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. मग रात्रभर जमीन अंगातली उष्णता ओढत राहते. म्हणून आमचा हिशेब असा: वर एक थर असेल तर खाली दोन हवेत.

आमची रचना खालून वर अशी असते. जमिनीवर भाताचं पिंजार, दाबून चार बोटं उरेल इतकं. त्या दिवसांत गावात ते मुबलक असतं, आबा देतातही. पण गोठ्यातलं घेऊ नका, गोचिडी असतात. उन्हात पसरून, काठीनं झोडून, विंचू-इंगळी नाही ना पाहून मगच आत घ्या. त्यावर ताडपत्री, म्हणजे ओल वर येत नाही आणि पिंजार टोचतही नाही. मग फोमची चटई किंवा सतरंजी. त्यावर घोंगडी किंवा वाकळ. आणि मग स्लीपिंग बॅग. हवा भरायच्या गाद्या मात्र नेऊ नका. आतली हवा थंडगार होते, आणि मुलं त्यांच्यावर उड्या मारून त्या फोडतात.

घोंगडीबद्दल थोडं जास्त बोलते. आमच्याच जिल्ह्यात, माण तालुक्यात म्हसवडच्या बाजूला मेंढीच्या लोकरीची हातमागाची घोंगडी मिळते. जत्रांमधेही ती विकायला येते. टोचते, वास येतो, म्हणून मुलं नाकं मुरडतात. पण लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, सुती चादर मात्र ओली झाली की संपली. शिवाय ठिणगी पडली तर नायलॉनसारखी वितळत नाही. जातिवंत घोंगडी महाग असते, पण ती एकाच शिबिरासाठी घ्यायची वस्तू नव्हे. आम्ही वापरतो ती माझ्या सासऱ्यांची आहे, शेतावर राखणीला जाताना ते नेत असत. घरात कुणाची पडून असेल तर तिला ऊन दाखवा आणि तीच न्या.

स्लीपिंग बॅग भाड्यानं मिळते, पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. घेताना तिच्यावरचा ‘कम्फर्ट’चा आकडा, म्हणजे किती अंशांपर्यंत आरामात झोप लागेल तो, पाहा. दुकानदार दाखवतो तो शेवटचा, सगळ्यात कमी आकडा धरून चालू नका. तेवढ्या थंडीत ती जेमतेम तगून राहण्यापुरती असते. आणि मुलाच्या मापाची घ्या. मोठ्या माणसाच्या बॅगेत लहान मूल झोपलं की पायाकडची सगळी रिकामी जागा त्याला आपल्या अंगानं तापवावी लागते. मोठीच मिळाली तर पायाकडच्या भागात उद्याचे कपडे कोंबा. जागा भरते आणि सकाळी कपडेही उबदार मिळतात.

कपडे, आणि सोवळ्याची पिशवी

एक जाड जॅकेट देण्यापेक्षा तीन पातळ थर द्या: आत घाम शोषून न ठेवणारा खेळाचा टी-शर्ट, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं काहीही, अगदी पावसाळी जर्किनसुद्धा चालेल. शिवसागराकडे दुपारी चांगलं ऊन असतं. मुलं पळतात, घामेजतात आणि सहा वाजता सूर्य डोंगराआड गेला की तोच घाम गारठवतो. म्हणून नियम असा की खेळायला जाताना एक थर काढायचा आणि थांबलं की लगेच घालायचा. जीन्स नकोच. भिजली की दोन दिवस वाळत नाही.

मोजे चार जोड. मी हट्टानं चार म्हणते, कारण ओढा मुलांना बोलावतोच.

आता सोवळ्याची पिशवी. हे नाव आमच्या पथकातल्या एका आजींनी दिलं आणि ते सगळ्यांना पटलं. झोपायचे कपडे, म्हणजे बनियन, पायजमा, लोकरी मोजे आणि कानटोपी, एका वेगळ्या पिशवीत बांधायचे आणि त्यांना दिवसा शिवायचं नाही. मऊ आहेत म्हणून दुपारी घालायचे नाहीत, मित्राला द्यायचे नाहीत. रात्री अंथरुणात शिरण्याआधी अंगावरचं सगळं, अगदी आतले कपडेसुद्धा, बदलायचे. दिवसभराच्या कपड्यांत घाम मुरलेला असतो. हाताला तो कोरडा वाटतो, पण रात्री गार पडतो. दुसऱ्या वर्षी हा नियम पाळला आणि पहाटे चुलीपाशी येऊन बसणारी मुलं अकरावरून दोनवर आली. ती दोघंही सोवळं मोडलेली होती.

तंबूची जागा

गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारानं खाली वाहते आणि खोलगट जागी साठते. म्हणून तळ्याकाठची ‘व्ह्यू’वाली जागा संध्याकाळी कितीही सुंदर दिसली तरी तंबू तिथं नकोत. पाण्याजवळ दवही जास्त पडतं आणि अंधारात मुलं पाण्याकडे जाण्याचा धोका वेगळाच. माथ्यावर वारा झोडपतो. उताराच्या मधल्या टप्प्यातलं, बांधाच्या आडोशाचं खाचर सगळ्यात बरं. आमचे तंबू काठापासून दोन बांध वर असतात. पहिल्या वर्षी मी तळ्याकाठच्या आणि वरच्या जागेतला फरक पहाटे मोजून पाहिला होता, तो जवळजवळ तीन अंश भरला.

निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याचे फोटो हिवाळ्यात येतात ते यामुळेच. माणसाच्या उंचीवरची हवा शून्य अंशाच्या वर असतानाही गवत, स्ट्रॉबेरीची पानं, गाडीचं टप तिच्याहून जास्त थंड होऊन त्यांच्यावरचं दव गोठतं. तंबूचं कापडही आकाशाकडे असंच उघडं पडलेलं असतं. झाडाच्या छायेत त्याला झाकण मिळतं, दवही कमी पडतं. मात्र झाडाखाली तंबू लावण्याआधी वर नीट पाहा. वाळकी फांदी आहे का, आणि आग्या मोहोळ आहे का. मोहोळ असेल तर त्या झाडापासून लांब जायचं. आणि शेकोटी तर आणखीच लांब, कारण धुरानं माश्या उठतात.

तंबूचं दार वाऱ्याच्या उलट बाजूला. मेखा तिरप्या ठोका. दोरीला पांढरी चिंधी बांधा, नाहीतर अंधारात पाय अडकून कुणीतरी तोंडावर पडतं. आणि थंडी आहे म्हणून तंबूच्या जाळ्या गच्च बंद करू नका. पाच मुलांच्या श्वासातली वाफ कापडाला लागते, तिचं पाणी होतं आणि पहाटे ते टपटप अंथरुणावर पडतं. वरची जाळी चार बोटं तरी उघडी हवी. याच कारणासाठी बॅगेत तोंड घालून झोपू देऊ नका. नाक-तोंड बाहेर, कान-डोकं टोपीत.

जेवण

थंडीत झोपायचं तर पोटात जळण हवं. संक्रांतीच्या आधी भोगीला आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी खातो, तेच शिबिराचं रात्रीचं जेवण समजा. आमच्याकडे पहिल्या रात्री पिठलं, बाजरीची भाकरी, गूळ-तूप असतं आणि दुसऱ्या रात्री हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाचं पातळ पेय. माडगं शहरातल्या मुलांना माहीत नसतं, पण हुडहुडी भरली असताना वाटीभर गरम माडगं हातात आलं की दुसरी वाटी मागतातच. शेंगदाणे आणि गुळाचा खडा प्रत्येकाच्या सोवळ्याच्या पिशवीत डबीत घालून द्या. रात्री जाग आली, अंग गार वाटलं, तर आधी तो खायचा. एका गोष्टीची काळजी घ्या: उंदीर येतात, म्हणून डबी घट्ट झाकणाची हवी.

पाण्याकडे दुर्लक्ष होतं. थंडीत तहान लागत नाही आणि रात्री उठायला नको म्हणून मुलं मुद्दाम कमी पितात. मग दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, चिडचिड होते. आम्ही संध्याकाळी सहापर्यंत पाणी प्यायला लावतो, कोमट करून. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय, हे मुलांना थेट सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

झोपेआधीचा अर्धा तास

शिबिराचा सगळा डोलारा या अर्ध्या तासावर उभा असतो. पहिल्या वर्षी गाणी, नकला, शेकोटी चालू असतानाच “चला, झोपा आता” झालं आणि मुलं अंधारात चाचपडत, मिळेल ते ओढून झोपली. आता संघनायक, म्हणजे मुलांतलेच गटप्रमुख, आपापल्या संघाचा हा अर्धा तास सांभाळतात. मोठे फक्त बाहेर उभे असतात.

आधी सगळ्यांनी बॅटरी घेऊन लघवीला जाऊन यायचं, दोघादोघांनी. मग सोवळ्याचे कपडे. मग स्टीलच्या बाटलीत गरम पाणी, उकळतं नव्हे, झाकण घट्ट, बाटली उलटी करून गळत नाही ना पाहायचं आणि ती जाड मोज्यात घालून पायाशी ठेवायची. मोज्याशिवाय ती अंगाला लागली तर झोपेत भाजू शकतं. पहाटेपर्यंत तेच पाणी प्यायलाही होतं. बॅटरी आणि चष्मा ठरलेल्या जागी, उशाच्या उजवीकडे. बूट तंबूच्या आत, तोंड बांधलेल्या पिशवीत. तरीही सकाळी झटकूनच घालायचे. शेवटी अंथरुणात शिरायच्या आधी वीस बैठका. गारठलेलं अंग बॅगेत शिरलं तर बॅग त्याला तापवत नाही. अंगात असलेली ऊब ती फक्त धरून ठेवते.

त्यानंतर विचारपूस, आणि या लेखाचं शीर्षक इथलं आहे. “थंडी वाजते का?” असं विचारलं की दहापैकी नऊ मुलं “नाही” म्हणतात. पाच जणांसमोर “हो” म्हणायला ज्याला धाडस लागत नाही असं तेरा वर्षांचं मूल मी पाहिलेलं नाही. म्हणून प्रश्न असे विचारायचे की ज्यांचं उत्तर लपवता येत नाही. “मोजे दाखव.” “पायाची बोटं हलवून दाखव.” “तुझ्या खाली काय काय आहे ते मोजून सांग.” “बाटली कुठे आहे?” यात भित्रा-शूर असा विषयच येत नाही.

शिवाय प्रत्येकाला एक जोडीदार. रात्री जाग आली आणि गार लागत असेल तर मोठ्यांकडे जायच्या आधी जोडीदाराला उठवायचं आणि मग दोघांनी मिळून मोठ्यांच्या तंबूपाशी यायचं. एकट्यानं आईला उठवणं लाजेचं वाटतं, पण जोडीदाराला घेऊन येणं म्हणजे नियम पाळणं. हा फरक छोटा दिसतो, पण दुसऱ्या वर्षी पहिल्याच रात्री तीन जोड्या आल्या. पहिल्या वर्षीही मुलं तेवढीच गारठली असणार, पण रात्री आमच्यापर्यंत कोणी आलं नव्हतं.

शेकोटी

डिसेंबर-जानेवारीत इथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका ठिणगीनं वणवा लागतो आणि डोंगर काळा पडतो. शेकोटी खड्ड्यात, भोवती दहा फूट गवत खरवडून काढलेलं, दोन बादल्या पाणी आणि मातीचा ढीग शेजारी. वारा सुटला तर त्या दिवशी शेकोटी नाही. मुलं हिरमुसतात, हिरमुसू द्यावं. लाकूड गावातून विकत घ्या, रानातून तोडून नको. विझवताना पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता आणि उलट्या हातानं जवळून चाचपून पाहा.

आणि निखारे तंबूत कधीही नेऊ नका. पहिल्याच वर्षी एका मोठ्या माणसानं, मायेपोटीच, मुलींच्या तंबूत घमेल्यातून निखारे नेऊन ठेवले होते. मुली खूश होत्या. सरांनी ते पाहिलं आणि धावत जाऊन बाहेर काढलं. बंद जागेत धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेलं माणूस जागं न होताच जाऊ शकतं. गॅसची शेगडी, कोळशाची शेगडी, आगटी, कशालाही अपवाद नाही. शेतघराच्या खोलीतसुद्धा नाही.

पहाटे तीन ते सहा

सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं. जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, त्यामुळे पारा सूर्योदयाच्या आसपास तळाला जातो. म्हणजे पहाऱ्याची पाळी ठेवायची ती पहाटेची. आम्ही तीन वाजता एक फेरी मारतो, बॅटरी जमिनीकडे धरून. पांघरूण सरकलेलं असतं, टोपी निघालेली असते, कुणी चटईवरून घरंगळून उघड्या जमिनीवर आलेलं असतं. त्यांना न उठवता सारखं करता येतं. पाचला चुलीवर आलं-गुळाचा चहा आणि दूध तयार हवं. जाग आलेल्या मुलाला अंथरुणात पडून कुडकुडण्यापेक्षा उठून चुलीपाशी येण्याची मुभा हवी, आणि तिथं त्याला हसणारं कुणी नको.

गव्याची किंवा बिबट्याची भीती मुलांना असतेच, आणि या भागात ते आहेतही. उरलेलं अन्न तंबूंपासून लांब झाकून ठेवायचं, रात्रभर एक कंदील पेटता ठेवायचा, एकट्यानं अंधारात जायचं नाही. एवढं सांगितलं की पुरे. भुताच्या गोष्टी सांगून मुलांना लघवी दाबून ठेवायला लावू नका.

मूल खरंच गारठलं तर

कुडकुडणं हे चांगलं लक्षण आहे, शरीर झगडतं आहे. काळजी तेव्हा करायची जेव्हा मूल गप्प गप्प होतं, बोलताना अडखळतं, बटण लावता येत नाही, चालताना झोकांडतं, किंवा अंग गार असूनही कुडकुडायचं थांबतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. अंगावर कपडे ओले असतील आणि वारा असेल तर तो ८-१० अंशांच्या हवेतही होऊ शकतो, लहान चणीच्या मुलांना लवकर.

ओले कपडे ताबडतोब काढा. कोरडे घाला, जमिनीपासून वेगळं करून जाड अंथरुणावर झोपवा, डोक्यासकट गुंडाळा. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीपाशी ठेवा. पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच कोमट गोड दूध किंवा चहा द्या. हात-पाय चोळू नका, पळायला लावू नका, थेट जाळासमोर बसवू नका. बोलणं अडखळत असेल किंवा गुंगी येत असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन आणि गाडी बाहेर. घाटातून रुग्णवाहिका यायला वेळ लागतो. फोनवर विचारून अर्ध्या वाटेत भेटायचं ठरवता येतं.

सोबत जाणाऱ्या पालकानं

दुसऱ्या वर्षी निघायच्या आदल्या रात्री मी मुलाला म्हटलं, “दिवसभर मी सगळ्यांची काकू. पण रात्री कधीही हाक मारलीस तर मी तुझी आई.” त्यानं काही उत्तर दिलं नाही, पिशवी भरत राहिला. पण ऐकलं होतं.

बाकी आपलं काम म्हणजे बाजूला उभं राहणं. बारा वर्षांच्या संघनायिकेला मेख ठोकायला दहा मिनिटं लागतात, आपल्याला एक. तिला दहा लागू द्यावीत. माझे हात सारखे पुढे जायचे, म्हणून मी मुद्दाम चुलीचं काम मागून घेतलं. दोन्ही हात भाकरीच्या पिठात असले की उठून मदतीला जाता येत नाही. आपल्या मुलाच्या तंबूत उगाच डोकावू नका. डोकावायचंच असेल तर सगळ्याच तंबूंत डोकवा.

आणि फोटो कमी काढा. आमच्याकडे घरी राहिलेल्या पालकांना संध्याकाळी सात वाजता एकच निरोप जातो: सगळी बरी आहेत, जेवायला बसली आहेत. सतत फोटो गेले की कुणाच्या तरी चेहऱ्यावरून घरी शंका-कुशंका सुरू होतात.

परत आल्यावर

त्याच दिवशी, आंघोळीच्याही आधी, तंबू आणि अंथरुणं गच्चीवर पसरा. ओलसर घडी करून ठेवलेला तंबू आठवड्यात काळा पडतो आणि त्याचा वास पुढच्या वर्षीपर्यंत जात नाही. घोंगडी धुवू नका, झटकून दोन दिवस ऊन द्या. पिशवी रिकामी करताना मुलाला दोन ढीग करायला सांगा, वापरलेल्या वस्तूंचा आणि न वापरलेल्यांचा, आणि तिथल्या तिथं वहीत लिहायला लावा. उद्यावर टाकलं तर आठवत नाही.

पहिल्या वर्षी आमच्या गच्चीवर न वापरलेल्यांचा ढीग मोठा होता. या जानेवारीत त्यात तीनच वस्तू होत्या: एक टॉवेल, मी लपवून घातलेला जादा स्वेटर आणि मोज्यांचा चौथा जोड. वहीत त्यानं स्वेटरपुढे ‘नको’ लिहिलं. मोज्यांपुढे लिहिलं, ‘असू दे.’